जबड्याचा कागद

फळांचा हंगाम तोंडावर आला की त्या वखारीत बोलणं कमी आणि करवत जास्त चालायची. त्या वर्षी उलटं झालं. करवत बंद होती आणि दोघे भाऊ घोटाभर भुशात उभे राहून भांडत होते.

भांडण शेडवरून होतं. बापानं गावाच्या कडेला पत्र्याची एक लांब शेड उभारली, मधोमध गोल करवत बसवली आणि जाताना दोघांना मिळून राहा म्हणून सांगितलं. धाकटा करवतीवर फळ्या पाडायचा, थोरला त्यांच्या पेट्या ठोकायचा. पेट्या ठोकण्यात थोरल्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. दहा-बारा खिळे ओठांत धरायचा, जिभेनं एकेक पुढं सारायचा आणि दोन ठोक्यांत आत घालायचा. पंचवीस वर्षं त्याचं असंच चाललं होतं. त्या साली धाकट्यानं हवेवर चालणारं खिळे मारायचं यंत्र आणलं. घोडा दाबला की फट्, खिळा आत. थोरल्याची एक पेटी होईतो धाकट्याच्या चार.

"तू आता नुसत्या फळ्या लावून दे दादा," धाकटा म्हणाला होता. "ठोकायचं मी बघतो."

थोरल्याला ते जिव्हारी लागलं. फळ्या लावून देणं हे हमालाचं काम. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. हिवाळ्यापासून त्याच्या खालच्या ओठाची डावी बाजू बधिर झाली होती. खिळे ओठांतून गळून भुशात पडायचे आणि त्याला पत्ताच नसायचा. मग जीभ पुढं सारायची, तर तिथं काही नाही. डाव्या बाजूची मागची दाढही हलत होती. घरात चहा पिताना हनुवटीवरून ओघळ यायचा.

"पुसा ते," बायको म्हणायची. "लहान पोरासारखं काय सांडताय?"

"कप फुटका आहे," तो म्हणायचा.

कप धडका होता, हे दोघांनाही दिसत होतं.

तर त्या सकाळी धाकटा म्हणाला, शेड मधून कापून घेऊ, तुझं तुला माझं मला. थोरला म्हणाला, बापाची शेड कापायला निघालास, तुला लाज नाही. धाकटा म्हणाला, लाज तुला हवी, तुझ्यापायी अर्धा माल उशिरा जातो. ट्रक दुपारी यायचा होता म्हणून दोघांनी तोंडं मिटली आणि पुन्हा कामाला लागले. दोघंही धुसफुसत होते. धाकट्यानं करवतीवरची लांब फळी ओढली आणि ढिगाकडं वळला. थोरला त्याच्या पाठीमागून खिळ्यांचा डबा घेऊन चालला होता. फळीचं टोक त्याच्या डाव्या जबड्याला लागलं.

फार जोरात नाही. पण कानाखाली काहीतरी कट् करून वाजलं, आणि थोरला तिथंच भुशात बसला. डबा उपडा झाला.

"मुद्दाम मारलंस," तो म्हणाला. शब्द वाकडे निघाले.

"फळी फिरली दादा. तू मागं कशाला आलास?"

"मुद्दाम मारलंस."

दोन हमाल ओंडक्यावर बसून पाणी पीत होते. त्यांनी भांडण ऐकलं होतं आणि थोरला खाली बसलेला पाहिला होता. मधलं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. पण हवालदारानं विचारलं तेव्हा दोघांनी मधलंही सांगितलं, कारण संध्याकाळपर्यंत थोरल्याचा चेहरा भोपळ्यासारखा सुजला होता आणि इतका मार फळी चुकून लागून बसत नाही, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. गावातल्या डॉक्टरनं बोटानं चाचपलं, जबडा मोडलाय म्हणाला आणि डोक्यावरून हनुवटीखालून पट्टी आवळली. तशी पट्टी बांधूनच थोरला ठाण्यात गेला. तक्रार लिहिली. धाकट्याला उचलून नेलं. दोन दिवसांनी सोडलं, तेव्हा त्याच्या मनगटावर वळ होते.

पुढचं सगळं भराभर झालं. फळांच्या पेट्या घेणारा व्यापारी म्हणाला, भावाचा जबडा मोडणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. सगळा माल थोरल्याकडं आला. हमाल थोरल्याकडंच राहिले, करवतीवर फळ्याही तेच पाडू लागले. धाकट्यानं आपलं यंत्र उचललं, मिळेल त्याला विकलं आणि चार मैलांवरच्या दुसऱ्या वखारीत ओंडके उतरवायला जाऊ लागला. म्हणजे हमालीच. थोरल्यानं ते ऐकलं आणि पट्टीआडून हसायला गेला, पण हसणं जमलं नाही.

जबडा काही भरून येईना. सूज उतरली, पण हाडावर एक टेंगूळ तसंच राहिलं, दाबलं की आत भुसभुशीत लागायचं. तीन आठवडे तो दूध आणि कालवून पातळ केलेल्या भातावर होता. पेट्या आता बायको ठोकत होती. तिची दोन नखं काळीनिळी झाली होती. दुपारी पत्रा तापला की शेडमध्ये उभं राहवत नसे, तरी ती ठोकत होती.

एक दिवस तिनं हातोडी खाली ठेवली. "उद्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं."

"कशाला? मोडलेलं हाड, जुळेल."

"माझ्या भावाचा पाय मोडला होता, तो तीन आठवड्यांत काठी टेकत चालायला लागला. तुमच्या हाडाला काय धाड भरलीय ते बघू."

शिवाय हवालदारानंही निरोप धाडला होता. मार कसा, किती, त्याचा मोठ्या डॉक्टरचा कागद आण, त्याशिवाय प्रकरण पुढं जात नाही. त्या कागदासाठी थोरला बसमध्ये बसला.

दवाखान्यात दातांच्या आणि जबड्याच्या विभागात लांबलचक रांग होती. भिंतीला टेकून माणसं बसली होती, कुणाचा गाल बांधलेला, कुणी रुमाल तोंडाशी धरलेला. एका यंत्रासमोर त्याला हनुवटी टेकवून उभं केलं, ते यंत्र गुरगुरत त्याच्या डोक्याभोवती फिरलं. मग आत बोलावलं. डॉक्टरीण चाळिशीची, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. तिनं फोटो उजेडावर लावला. पांढऱ्या जबड्यात डावीकडं अंड्याएवढी काळी जागा होती आणि तिच्या खालच्या कडेला केसाएवढी रेघ.

"कधी लागलं?"

"तीन आठवडे झाले. भावानं फळी मारली."

"ओठ बधिर आहे?" तिनं हातमोजा घालून त्याच्या हनुवटीवर बोट फिरवलं. "इथं कळतंय? इथं?"

"नाही."

"कधीपासून?"

थोरल्यानं बायकोकडं पाहिलं नाही. "फळी लागल्यापासून."

बायको शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं मान वळवली आणि त्याच्याकडं बघत राहिली.

"दाढ हलत होती त्याआधी?"

"नाही."

डॉक्टरीण काही लिहीत होती. लिहिता लिहिताच म्हणाली, "ही रेघ म्हणजे मोडलेली जागा. हाड मोडलंय ते खरं. पण ही काळी जागा फळीनं होत नाही. इथं आतलं हाडच उरलेलं नाही, वर नुसती साल आहे. ही साल नुसत्या कोपराच्या धक्क्यानंही मोडली असती. हे काही महिन्यांचं आहे. तुकडा काढून तपासावा लागेल."

"मला माराचा कागद पाहिजे," थोरला म्हणाला.

"आधी तपास होऊ दे."

"पोलिसांना द्यायचाय. भावानं मारलं असं लिहा."

तिनं पहिल्यांदा पेन थांबवलं. "मी काय बघितलं ते लिहिते. तुमच्या भावाला मी बघितलेलं नाही."

दोन दिवसांनी सुई देऊन गालाच्या आतल्या बाजूनं तुकडा काढला. दाढ हातात आपसूक आली. रक्त, लघवी सगळं घेतलं. दहा दिवसांनी बोलावलं. ते दहा दिवस बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलली. फळ्या आणा, खिळे संपले, बाजूला व्हा.

दहाव्या दिवशी डॉक्टरिणीनं दार लावून घेतलं. थोरल्याला दार लावणं आवडलं नाही.

"रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात," ती म्हणाली. "त्यांतल्या एका जातीला प्लाझ्मा पेशी म्हणतात. हाडाच्या मगजात असतात. त्यांतली एखादी बिघडते, आपल्यासारख्याच पोरी वाढवत सुटते आणि हाड पोखरते. तुमच्या जबड्यात त्यांचा गोळा झालाय. याला कॅन्सरच म्हणायचं."

बायकोनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

"भावाच्या मारानं झाला," थोरला म्हणाला.

"नाही."

"मारानं होतो. गावात एकाला झाला होता."

"याला मार कारण नाही. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगते. हे फळीच्या आधीचं आहे." ती थांबली. "उलट फळी लागली नसती तर तुम्ही आणखी सहा महिने आला नसता. आता प्रश्न एवढाच, हे एकाच जागी आहे की अंगभर पसरलंय. एकाच जागी असेल तर किरणांनी जळून जाऊ शकतं. पसरलं असेल तर औषधं वेगळी आणि वाट लांबची."

थोरल्याला त्यातलं एकच वाक्य लागलं. फळी लागली नसती तर. धाकट्यानं जीव वाचवला असं ही बाई म्हणते की काय? रोगाची भीती त्याला नंतर बसमध्ये वाटली. पण त्या खोलीत आधी आला तो रागच.

कागद मिळाला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: हाड रोगानं पोकळ झालं होतं, किरकोळ धक्क्यानं मोडलं. थोरल्यानं घडी घालून तो खिशात टाकला आणि घरी आल्यावर अवजारांच्या पेटीत, रंध्याखाली सरकवला. हवालदाराला निरोप पाठवला की डॉक्टर कागद देत नाहीत, अजून तपास चालू आहे. बायकोनं निरोप ऐकला. रंध्याखाली काय सरकवलं तेही तिनं पाहिलं होतं.

मग अंगाचा तपास सुरू झाला. पालथं झोपवून कमरेच्या हाडात जाड सुई घातली. सुई घालणारा डॉक्टर म्हणाला, आता थोडं ओढल्यासारखं होईल. ओढल्यासारखं कसलं, कुणीतरी पायापासूनचं सगळं आतलं दोरीनं वर खेचतंय असं झालं, आणि थोरल्यानं चादर दातांत धरली. दातांत काही धरायचं नव्हतं, ते विसरला, जबड्यातून कळ डोक्यात गेली. दुसऱ्या दिवशी बोगद्यासारख्या यंत्रातून त्याला डोक्यापासून पायापर्यंत सरकवलं. आठवड्यानं कळलं की बाकी अंग कोरं आहे. मगजही चांगला. रोग एका जबड्यातच.

"नशीबवान आहात," डॉक्टरीण म्हणाली.

"हो का," थोरला म्हणाला.

किरणांआधी आणखी तीन किडके दात काढले, कारण किरणं दिल्यावर तिथली जखम लवकर भरत नाही. मग तोंडावर गरम, ओली जाळी दाबून बसवली. ती थंड झाल्यावर त्याच्या चेहऱ्याच्या आकाराची कडक झाली. तो मुखवटा घालून टेबलाला खिळवायचे आणि सगळे बाहेर निघून जायचे. आठवड्यात पाच दिवस, पाच आठवडे. रोज जाताना दोन तास बस, येताना दोन तास. उन्हाळा ऐन भरात. पहिले दहा-बारा दिवस काही वाटलं नाही. मग तोंड आतून सोलपटलं. थुंकी चिकट झाली आणि पुढं तीही आटली. भात, दूध, पाणी, सगळ्याला एकच चव, गंजलेल्या पत्र्याची. गालावरची कातडी काळवंडली, त्या बाजूची दाढी गळून पडली. बसमध्ये शेजारी बसलेली बाई उठून मागं गेली, तेव्हा त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं.

घरी पेट्या पडून राहू लागल्या. बायको एकटी ठोकणार किती? हमाल आपसांत बोलायचे, थोरल्याचं काही खरं नाही. व्यापाऱ्यानं निम्मा माल दुसरीकडं वळवला.

एके सकाळी धाकट्याची बायको नळावर थोरलीला आडवी आली. ती पहाटे उठून दोन घरची धुणी धुवायला जात होती, हातांना भेगा पडल्या होत्या.

"जाऊबाई, गावातल्या डॉक्टरच्या सांगण्यावरच खटला उभा केलाय, पुढच्या सोमवारी कोर्टात तारीख आहे," धाकटी म्हणाली. "वकील म्हणतो वर्षभर आत जाईल. तुमच्या माणसाला कॅन्सर झाला म्हणतात. झाला तर झाला. माझ्या माणसानं हात लावला नव्हता."

थोरलीची घागर भरून वाहत होती. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

थोरली घागर उचलून चालू लागली. घरी आली ती सरळ शेडमध्ये. अवजारांची पेटी उघडली, रंधा बाजूला केला, कागद काढला आणि नवऱ्याच्या समोर जमिनीवर ठेवला. तो तिथंच कोपऱ्यातल्या खाटेवर बसून मिठाच्या पाण्यानं चूळ भरत होता.

"हा घेऊन ठाण्यात जा. नाहीतर मी जाते."

त्यानं चूळ थुंकली. "तुला कळतंय का? आपणच तक्रार दिलीय. मला खोटा म्हणतील."

"खोटे आहातच. हिवाळ्यापासून चहा सांडत होतात. मी पुसत होते तो चहा, मला विचारा."

"तेव्हा मला काय माहीत होतं, रोग आहे म्हणून?"

"तेव्हा नव्हतं माहीत. डॉक्टरिणीनं विचारलं तेव्हा होतं. तिनं दार लावून सांगितलं तेव्हा तर होतंच." तिचा आवाज चढला नव्हता. "सव्वादोन महिने झाले. तो ओंडके वाहतोय. ती लोकांची धुणी धुतेय. आणि मी तुमच्या पेट्या ठोकतेय. ह्या हातांनी तुम्हाला भरवायची माझी इच्छा राहिलेली नाही आता."

"आजारी माणसाशी असं बोलतात?"

"आजारी नसतात तर याहून वाईट बोलले असते."

तो ठाण्यात गेला. किरणांचे तीन दिवस अजून बाकी होते. हवालदारानं त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः जेवला, हात धुतले, दुसऱ्या दोघांची कामं केली. मग कागद मागितला आणि चारचौघांत मोठ्यानं वाचला. अडखळत वाचला, रोगाच्या नावाशी दोनदा थांबला.

"म्हणजे जबडा आधीच पोकळ होता?"

"हो."

"हा कागद कधीचा आहे? तारीख बघ. आणि तू निरोप काय पाठवलास? डॉक्टर कागद देत नाहीत. मला वेड्यात काढतोस होय?"

थोरल्यानं रुमाल ओठाशी धरला. बोलायला गेलं की ओठ फाटून रक्त यायचं.

"भावानं मारली का फळी? आता खरं बोल."

"लागली. ती लागली."

"मारली का?"

बाकावरची माणसं बघत होती. थोरल्यानं त्या सकाळचं सगळं मनाशी पुन्हा बघितलं. धाकट्याची पाठ होती. पाठच होती. चेहरा त्यानं पाहिलाच नव्हता.

"त्याची पाठ होती माझ्याकडं," तो म्हणाला.

"लिही मग. तुझ्या हातानं लिही."

त्यानं लिहिलं. पाठ होती ते लिहिलं. मग पेन तसंच धरून बसला. हवालदार म्हणाला, झालं का, कर सही. थोरल्यानं मान हलवली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, कुणी सांगितली नव्हती ती: माझा ओठ त्याच्या तीन महिने आधीपासून बधिर होता, मी डॉक्टरला खोटं सांगितलं. मग सही केली. हवालदारानं ती ओळ वाचली, त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "ऊठ. जा इथून."

तिथून तो पायीच चार मैल चालत दुसऱ्या वखारीत गेला. ऊन डोक्यावर होतं, तोंडात थुंकी नव्हती, बाटलीतल्या पाण्याचा घोट घेत घेत गेला. धाकटा ट्रकवरून ओंडके उतरवत होता. खांद्यावर गोणपाटाची घडी, त्यावर सालींचा चुरा. भावाला पाहून तो थांबला नाही. दोन ओंडके उतरवले. मग खाली आला.

"तक्रार मागं घेतली," थोरला म्हणाला.

"का?"

"रोग होता. हाड आधीच गेलं होतं."

"तुला कधी कळलं?"

थोरल्याच्या मनात आलं, आज कळलं म्हणावं. "सव्वादोन महिने झाले."

धाकट्यानं गोणपाट खांद्यावरून काढून झटकलं. बराच वेळ झटकत राहिला. भावाच्या काळ्या पडलेल्या गालाकडं, बिनदाढीच्या पट्ट्याकडं त्यानं एकदाच पाहिलं.

"मरणार आहेस म्हणून आलास?"

"नाही. जळतोय म्हणे रोग. पण तपासत राहायचं, दर तीन महिन्यांनी. दुसऱ्या हाडात कधीही उगवू शकतो."

"मग तू जगायचं तेवढं जग. शेडचा माझा अर्धा भाग मला काढून दे. बाकी तुझं तोंड मला दाखवू नकोस."

"मी लिहून दिलंय सगळं. चूक माझी..."

"ऐकलं मी." धाकटा ट्रककडं वळला. "पाणी घे तिकडून, माठात आहे. वाटेत पडशील, आणि ते पुन्हा माझ्या अंगावर येईल."

किरणं संपली. सहा आठवड्यांनी डॉक्टरिणीनं पुन्हा फोटो काढला. काळ्या जागेची कड पांढुरकी दिसत होती, हाड नव्यानं धरत होतं. रक्तही चांगलं आलं. पेट्यांचं काम? ठोकायला हरकत नाही म्हणाली, पण ओठांत काही धरायचं नाही, आयुष्यात कधी नाही. ओठाचा बधिरपणा बहुधा तसाच राहील. दर तीन महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही. थोरल्यानं सगळ्याला हो म्हटलं. बायको बाहेर बाकावर बसली होती. त्यानं सांगितल्यावर ती फक्त म्हणाली, "बस सुटेल."

त्याच आठवड्यात धाकटा शेड काढायला आला. बरोबर कुणी नव्हतं. त्यानं दोरी ताणून बरोबर मध्य धरला, खडूनं रेघ मारली, थोरल्याला काही विचारलं नाही. शिडी लावली, वर चढला आणि पत्र्याचे हूक एकेक काढायला लागला. पत्रे खाली टाकले की उन्हाची एक एक पट्टी शेडमध्ये उतरत होती. थोरली पेट्या ठोकत होती, तिनं हातोडी थांबवली नाही.

जमीन भुसभुशीत होती. शिडीचा एक पाय भुशात रुतून हलत होता. थोरला जवळ गेला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

वरून धाकटा म्हणाला, "सोड."

"हलतेय."

"हलू दे. तू सोड."

थोरल्यानं शिडी सोडली. एक पाऊल मागं सरकला. धाकटा पुढचा हूक काढायला लागला, त्याचा तोल एकदा डावीकडं गेला, एकदा उजवीकडं. थोरला तिथून हलला नाही. शेवटचा पत्रा उतरेपर्यंत तो तसाच उभा राहिला, दोन्ही हात पुढं केलेले, शिडीपासून वीतभर लांब.